गोरव्यातला कर्मणी प्रयोग

६ जानेवारी, सोमवार

गोरव्याच्या कारखान्यातला इंग्रजीचा वर्ग आजपासून सुरू झाला. शाळा बंद झाली त्या दिवशी घरी येऊन हात धुताना म्हटलं होतं, आता खडू पुरे. वर्षभर पाळलंही. आज पुन्हा बोटं पांढरी झाली आणि, खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. ते बरं वाटणं तासभर टिकलं. गोरव्याहून समाला घरी परत येईपर्यंत पाय असे भरून आले की जिन्यात मध्येच थांबावं लागलं.

कंपनी पत्र्याचे सुटे भाग बनवते. खाली प्रेस मशीनं, वर कँटीन, आणि कँटीनच्या एका टोकाला फळा टांगून आमचा वर्ग. खाली मशीन आपटलं की वर फळा हलतो. म्हणून मला दोन ठोक्यांच्या मध्ये वाक्य बसवावं लागतं. इतकी वर्षं मुलांच्या गोंगाटावर आवाज चढवला, आता हे.

विद्यार्थी म्हणजे सुपरवायझर लोक आणि ऑफिसातले दोघं-तिघं. निम्मे मराठी, निम्मे गुजराती. स्टोअरमध्ये काम करणारी कोमल नावाची मुलगी चटपटीत आहे. प्रेस विभागाचे सुपरवायझर हिंमतराव पन्नाशीचे असतील. मला सगळे 'मॅडम' म्हणतात, हे एकटे 'बाई' म्हणतात. बडोद्याच्या मराठी शाळेत शिकलेला माणूस लगेच ओळखू येतो. "व्हॉट डू यू डू?" विचारलं तर उभे राहून म्हणाले, "प्रेस." मग खाली बसले.

एचआर मॅनेजर पीयूषभाई फार सौजन्याचे. न्यायला गाडी पाठवली, वर्गाआधी चहा दिला. "निरुपमाबेन, रोजचं बोलता आलं पाहिजे, बस. पुढच्या महिन्यात आमचा माल घेणाऱ्या डेन्मार्कच्या कंपनीची बाई कारखाना बघायला येणार आहे. लोक गप्प बसले तर वाईट दिसतं." मी विचारलं, माझंच नाव कसं सुचलं? म्हणाले, "तुमच्यासारखं शिस्तीचं, आपल्या कामाशी काम ठेवणारं माणूस हल्ली मिळत नाही." शाळेत एवढी वर्षं कोणी असं म्हटलं नव्हतं.

ह्यांना सगळं सांगितलं. जनार्दनरावांनी टीव्हीवरची नजर न काढता "हो हो, कोथिंबीर आणली आहे," असं उत्तर दिलं. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ऐकू कमी येत चाललं आहे आणि कानाचं मशीन लावायचं नाव काढत नाहीत. कारखान्यात ओरडायचं, घरी ओरडायचं.

८ जानेवारी, बुधवार

साधा वर्तमानकाळ. 'आय गो, ही गोज.' मोठ्या माणसांना तो एक 'एस' का लागतो हे समजावताना दमायला होतं. मुलं निमूट मान्य करतात. ही माणसं कारण विचारतात. कारण नाही हो, तसंच आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

वर्गाआधी पीयूषभाईंनी केबिनमध्ये बोलावलं. मी 'पोस्टात' आणि 'बाजारात' असे संवाद तयार करून नेले होते. ते हसून म्हणाले, "बेन, आमचे लोक पोस्टात कुठे इंग्रजी बोलणार? आमच्याच कामाची वाक्यं घ्या ने." आणि त्यांनी आपण होऊन वाक्यं सांगितली. मशीनं रोज सकाळी तपासली जातात. कामगारांना प्रशिक्षण दिलं जातं. हातमोजे पुरवले जातात. मग भूतकाळातली: ऑपरेटरला ताकीद देण्यात आली होती. सुरक्षेची जाळी ऑपरेटरकडून काढली गेली. 'द गार्ड वॉज रिमूव्हड बाय द ऑपरेटर.'

सगळा कर्मणी प्रयोग! मी तर खूश झाले. एखाद्या साहेबाला व्याकरणाची एवढी जाण असलेली मी पहिल्यांदा पाहिली. एका वाक्यात त्यांनी 'वॉज बीन' म्हटलं होतं तेवढं दुरुस्त केलं आणि सगळी वाक्यं फळ्यावर चांगल्या वळणदार अक्षरात लिहिली.

१३ जानेवारी, सोमवार

आज सगळ्यांकडून वाक्यं घोकून घेतली. उद्या उत्तरायण, कोणाचं लक्ष नव्हतं. एरवी चेष्टामस्करी करणारे लोक मान खाली घालून म्हणत होते. हिंमतराव त्या जाळीच्या वाक्याशी येऊन अडकले.

"बाई, जाळी आपोआप निघत नाही. चार बोल्ट आहेत तिला."

मी म्हटलं, "हिंमतराव, कर्मणी प्रयोगात काम कोणी केलं हे महत्त्वाचं नसतं, काम झालं हे महत्त्वाचं असतं. आणि इथे तर सांगितलंय, 'बाय द ऑपरेटर'."

"हो, ते वाचलं मी," एवढंच म्हणाले आणि बसले. वर्गात कोणीतरी खोकलं. कोमल उगाच पेनाचं टोपण काढत-घालत बसली. सणाच्या आदल्या दिवशी वर्ग ठेवायलाच नको होता.

१६ जानेवारी, गुरुवार

उत्तरायण आणि वासी उत्तरायण, दोन्ही दिवस गच्चीवर. शेजारच्यांनी उंधियू पाठवलं. पतंग कापला की सगळी समा "काप्यो छे!" ओरडत होती आणि हे खुर्चीत बसून आकाशाकडे बघत म्हणाले, "यंदा किती शांत आहे नाही?" मानेला ऊन लागलं आहे. उद्या वर्ग.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज संभाषणाचा सराव. कोमल परदेशी पाहुणी झाली, बाकीच्यांनी उत्तरं द्यायची. प्रश्न पीयूषभाईंनीच सुचवले होते. तिसराच प्रश्न: 'हाऊ डिड द अ‍ॅक्सिडेंट हॅपन?' मी मध्येच विचारलं, कसला अपघात? कोमल म्हणाली, "डिसेंबरमधला, मॅडम," आणि दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं.

परतताना पीयूषभाईंना विचारलं. त्यांनी चेहरा उतरवून सांगितलं की जयसिंगराव नावाच्या एका ऑपरेटरने काम लवकर उरकावं म्हणून जाळी काढली आणि बोटं गेली. इस्पितळाचं सगळं कंपनीने केलं. "आपण किती सांगायचं, बेन? माणसं ऐकतच नथी." खरं आहे. शाळेत प्रयोगशाळेत मुलं हेच करायची.

२० जानेवारी, सोमवार

हिंमतरावांना वर्ग संपल्यावर थांबवून घेतलं. कच्च्या विद्यार्थ्याला वेगळा वेळ द्यावा, ही माझी जुनी सवय. त्यांना समोर बसवून म्हटलं, शांतपणे म्हणा.

"आय रिमूव्हड द गार्ड."

"आय नाही, हिंमतराव. ऑपरेटर. 'द गार्ड वॉज रिमूव्हड…'"

"आय रिमूव्हड द गार्ड," पुन्हा तेच. घाम आला होता त्यांना, जानेवारीत.

मी म्हटलं, "अहो, वाक्य कर्तरी करू नका. कर्ता बदलतो तुमचा."

ते म्हणाले, "बाई, तुमचा वेळ घेतो मी उगाच," आणि डबा उचलून गेले. माणूस भला आहे, पण डोक्यात शिरत नाही. इतकं सोपं वाक्य. मलाच शिकवता येईनासं झालं आहे का, हा विचार गाडीत सारखा येत राहिला.

२३ जानेवारी, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहून काढते, नाहीतर डोक्यात तसंच फिरत राहील.

दुपारी बेल वाजली. दारात उंच, काळासावळा माणूस, उजवा हात खिशात. "नमस्कार बाई. मी जयसिंगराव. प्रेसवर होतो. हिंमतरावांनी पत्ता दिला." मी आत बोलावलं. ह्यांनी टीव्ही बंद केला, म्हणजे फारच मोठी गोष्ट. खुर्चीत बसल्यावर त्यांनी हात बाहेर काढला. अंगठ्याशेजारची दोन बोटं नाहीत. कातडी अजून लाल आहे. चहाचा कप त्यांनी डाव्या हाताने, दुसऱ्याच्या घरातली वस्तू फुटेल अशा भीतीने धरला.

"मला एकच वाक्य शिकवा," म्हणाले. "जास्त नको. 'जाळी मी काढली नाही.' परदेशी बाई येणार आहे ना, तिला सांगायचंय."

मी विचारलं, मग कोणी काढली? ते खिडकीतून खाली बघायला लागले. मीही बघितलं. सोसायटीच्या फाटकापाशी हिंमतराव स्कूटरला टेकून उभे होते. वर येत नव्हते.

"त्यांनी पान्याने काढली," जयसिंगराव म्हणाले. "पण त्यांच्यावर राग नाही माझा. दिग्विजयसर येऊन म्हणाले, माल निघत नाही, जाळीने हात अडतो, काढून टाका. हिंमतराव त्या दिवशी दोनदा नाही म्हणाले. मी ऐकलंय. तिसऱ्यांदा काढली. काय करणार? आणि मी बसलो मशीनवर. मलाही दिसत होतंच की."

दिग्विजयसर म्हणजे उत्पादन बघणारे मॅनेजर. वर्गाच्या पहिल्या दिवशी येऊन मला हात जोडून गेले होते.

"चूक माझी असं ठरलं की मला परत घेणार नाहीत," ते म्हणाले. "या हाताने दुसरीकडे कोण घेईल?"

सुचेना तेव्हा मी जे करते तेच केलं. शिकवलं. 'आय डिड नॉट रिमूव्ह द गार्ड.' ते 'डिड नॉट रिमूव्हड' म्हणत होते. मी सांगितलं, 'डिड' आला की पुढचं क्रियापद मूळ रूपात. ते जमेपर्यंत म्हणत राहिले. बरोबर आलं तेव्हा इतके लाजून हसले की मला माझा चेहरा कुठे लपवावा कळेना. ते 'बाय द ऑपरेटर'वालं वाक्य फळ्यावर लिहिलं होतं मी. त्यांच्या नावावर ती चूक माझ्या अक्षरात लागली.

ते गेल्यावर हे म्हणाले, "त्याची बोटं कशाने गेली?" मी ओरडून सांगितलं, "प्रेसने." हे मान हलवत बसले.

२४ जानेवारी, शुक्रवार

गेले नाही. घसा बसला आहे असा फोन केला. पीयूषभाईंनी आराम करा म्हणून सांगितलं, वर ड्रायव्हरबरोबर ज्येष्ठमधाची पुडी पाठवली.

मी पोलीस नाही, वकील नाही. मला इंग्रजी शिकवायला बोलावलं आहे. तिथे काय झालं ते मी बघितलेलं नाही. हे सगळं सकाळपासून स्वतःला सांगते आहे आणि ते सगळं खरंही आहे. आणखी एक खरं लिहून ठेवते: वर्ग सुटला तर पुन्हा दुपारी चार वाजता काय करायचं हा प्रश्न उभा राहील, आणि तो मला नको आहे.

२७ जानेवारी, सोमवार

गेले. फळा पुसून 'रस्ता विचारणे' हा धडा घेतला. टर्न लेफ्ट, गो स्ट्रेट. वर्गात जीव आला. कोमलने मकरपुऱ्याहून सयाजीबागेत जायचा रस्ता सांगितला तो ऐकून एक गुजराती सुपरवायझर म्हणाला, "ए तो आणंद पोचशे!" बागेऐवजी थेट दुसऱ्याच गावाला! सगळे हसले. हिंमतरावही.

तेवढ्यात पीयूषभाई दारात. "सरस, सरस. पण बेन, आपली वाक्यं? दिवस थोडे राहिले."

मी 'नको' म्हणू शकले असते. घसा बरा होता. पण मी वळले आणि ती सगळी वाक्यं पुन्हा लिहिली, जाळीचंसुद्धा. सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. हिंमतरावांनी तोंड उघडलं नाही आणि मी त्यांना उठवलं नाही. पीयूषभाई शेवटपर्यंत दारात उभे होते. जाताना म्हणाले, "डेन्मार्कच्या बाई येतील त्या दिवशी तुम्हीही थांबा ने. कोणी अडकलं तर तुम्ही सांभाळून घ्याल." मी बरं म्हटलं.

घरी आल्यावर भात लावायचंही त्राण नव्हतं. खाकरे खाऊन झोपले.

२ फेब्रुवारी, रविवार

आज ह्यांना सगळं सांगितलं. स्वयंपाकघराचं दार लावून, कानाशी तोंड नेऊन, कारण ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. किती ऐकू गेलं देव जाणे. मध्ये मध्ये "हं" म्हणत होते. संपल्यावर विचारलं, "मी जाऊ का बुधवारी, ती परदेशी बाई येईल तेव्हा?"

म्हणाले, "जा की. घशाला त्रास झाला तर खडीसाखर ठेव पर्समध्ये."

आणि जरा वेळाने, वर्तमानपत्र उघडता उघडता, "बोटं गेली तो त्याचा उजवा, कामाचा हात ना?"

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून कारखान्यात फिनेलचा वास. सगळ्या प्रेसना नव्या पिवळ्या जाळ्या, रंग अजून ओला होता. जयसिंगरावांना फाटकावरच अडवलं होतं. मी गाडीतून आत जाताना त्यांना बघितलं. इस्त्रीचा शर्ट घालून रस्त्याच्या पलीकडे चहाच्या गाडीशी उभे होते, ओठ हलत होते.

डेन्मार्कची बाई चाळिशीची असेल. साधी, उंच, पायात जाड बूट. घाईत नव्हती. प्रत्येकाला नाव विचारायची आणि नीट उच्चारायचा प्रयत्न करायची. माणसं वाक्यं धडाधडा म्हणत होती. कोमलने तर एकही चूक केली नाही. दिग्विजयसर पुढे, पीयूषभाई मागे, मी त्यांच्याही मागे. वर्षातून एकदा शाळा तपासायला इन्स्पेक्टर येत तेव्हाही मी अशीच मागे चालायची.

त्या प्रेसपाशी बाई थांबली. हिंमतरावांना विचारलं, इथेच अपघात झाला ना, कसा झाला सांगाल का?

मशीन बंद ठेवलं होतं. हिंमतरावांनी माझ्याकडे बघितलं. "द गार्ड वॉज," म्हणाले आणि थांबले. पुन्हा, "द गार्ड वॉज…" मग सगळं सोडून दिलं. "आय ओपन. दिग्विजयसर से, ओपन. आय से नो, नो. देन आय ओपन. जयसिंगराव नॉट ओपन."

दिग्विजयसर मोठ्याने हसले. बाईला इंग्रजीत म्हणाले, अपघातानंतर दुरुस्तीसाठी याने जाळी उघडली, ते सांगतोय. इंग्रजी कच्चं आहे बिचाऱ्याचं.

बाई हसली नाही. ती माझ्याकडे वळली. म्हणाली, तुम्ही यांच्या शिक्षिका आहात असं मला सांगितलंय. हे काय म्हणतायत?

सगळे माझ्याकडे बघत होते. पीयूषभाई तेवढे जमिनीकडे. मला खरोखर वाटलं की मी आता 'सरांनी सांगितलं तेच' असं म्हणणार. ते वाक्य जिभेवर तयारही होतं. पण हिंमतराव वर्गात उभे राहतात तसे, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून उभे होते. विद्यार्थी तसा उभा असला की आधी त्याला विचारायचं असतं.

मी मराठीत म्हटलं, "हिंमतराव, तुम्हाला काय म्हणायचंय ते सावकाश मराठीत सांगा."

त्यांनी सांगितलं. दिवस कुठला, सर कधी आले, काय म्हणाले, ते दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा पाना कोणी हातात दिला. जयसिंगराव तेव्हा जेवायला गेले होते. परत आले तेव्हा जाळी नव्हती. चार दिवस तसंच काम चाललं. सांगताना ते एकदाही दिग्विजयसरांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

मग मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. फार वाईट सांगितलं. एका ठिकाणी चक्क 'ही हॅव रिमूव्हड' म्हणाले. सातवीतल्या मुलाने असं म्हटलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं. दिग्विजयसर मध्येच म्हणाले, या बाहेरच्या आहेत, यांना कारखान्यातलं काही माहीत नाही. बाईने हात वर करून त्यांना थांबवलं आणि मला म्हणाली, पुढे?

पुढे मी सांगितलं की जयसिंगराव फाटकाबाहेर उभे आहेत आणि त्यांनी एक वाक्य तयार केलं आहे.

ती गेली त्यांच्याकडे. मी गेले नाही, मला खुर्ची हवी होती. नंतर कोमलने सांगितलं की त्यांनी वाक्य अगदी बरोबर म्हटलं आणि मग बाईने आणखी काही विचारलं तर ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

परत यायला गाडी नव्हती. रिक्षाने आले. हे दार उघडून म्हणाले, "लवकर सुटलीस?" मी हो म्हटलं. चूक कुठे कुठे झाली ते अजून आठवते आहे. 'हॅव' नाही, 'हॅड'.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसातून फोन. वर्ग बंद. पीयूषभाईंचा आवाज नव्हता. बरं झालं, पाय सुजले आहेत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हिंमतराव संध्याकाळी आले, या वेळी वर. मिठाई आणली नव्हती, मेथीची जुडी आणली होती. त्यांना दूर सावली गावातल्या युनिटला टाकलं आहे, स्टोअरमध्ये. पहाटे निघावं लागतं, बायको दोन वेळचा डबा देते. शिवाय लेखी ताकीद. "ती बरोबरच आहे, बाई. पाना माझ्या हातात होता."

जयसिंगरावांना परत घेतलं आहे. टूल रूममध्ये, बसून मोजमाप करायचं काम. परदेशी कंपनीने पुन्हा चौकशी करायला लावली, अपघात ऑपरेटरच्या चुकीने झाला हे अहवालातून काढून टाकलं. माफी वगैरे कोणी मागितलेली नाही. दिग्विजयसर आहेत तिथेच आहेत. जबाबदारी म्हणून पीयूषभाईंना जायला सांगितलं.

मी विचारलं, जयसिंगराव आणि तुम्ही बोलता का? म्हणाले, "रविवारी येतो माझ्याकडे. त्याला डाव्या हाताने सही शिकायचीय, मी कागद धरतो. फार बोलत नाही आम्ही."

थोडा वेळ बसले. जाताना म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही नसता तर…" मी म्हटलं, माझं व्याकरण फार चुकलं हो त्या दिवशी. ते हसायला लागले. हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही.

२ मार्च, रविवार

दुपारी मी आडवी झाले होते. बेल वाजली. ह्यांना ऐकू आली नाही म्हणून मलाच उठावं लागलं. दारात पीयूषभाई.

गाडी नव्हती, ड्रायव्हर नव्हता. हेल्मेट हातात. केस चपटे झालेले. मला वाटलं भांडायला आले. ते म्हणाले, "बेन, एक काम हतुं." अहमदाबादला एका कंपनीत मुलाखत आहे, सगळी इंग्रजीत. सराव हवा आहे. "मला दुसरं कोणी सुचलंच नाही," म्हणाले. आणि पूर्वी वर्गाआधी करायचे तसाच, हात जरा पुढे करून, नमस्कार केला.

मला पुन्हा खुर्चीत बसून कोणाची वाक्यं सरळ करायची इच्छा नव्हती. अंगात ताकद नव्हती. पण तो दारात उभा होता, आणि वयाने आमच्या पिढीतल्या कोणाच्याही मुलाएवढा. आत या म्हटलं.

सुरुवात चांगली झाली. स्वतःची ओळख, शिक्षण, अनुभव. इंग्रजी त्याचं स्वच्छ आहे, वर्गातल्या कोणापेक्षाही. 'वॉज बीन' आता म्हणत नाही. मग मी मुलाखतीत विचारतातच असा प्रश्न विचारला. "व्हाय डिड यू लीव्ह युअर लास्ट जॉब?"

तो तोंड उघडून बसला. मला वाटलं शब्द आठवत नाही, म्हणून मी एक-दोन सुचवले. बेटर ऑपॉर्च्युनिटी, करिअर ग्रोथ. त्याने मान हलवली. मग गुजरातीत, अगदी हळू, "बेन, मने खबर हती. पेहला दिवसथी." त्याला सगळं माहीत होतं, पहिल्या दिवसापासून. "मी म्हटलं, वाक्यंच तर आहेत. तुम्ही ती इतक्या चांगल्या अक्षरात लिहिलीत, मला वाटलं, चला, बरोबरच असतील."

मी उठून गॅसवर चहा ठेवला. बाहेर ह्यांनी त्याला मोठ्याने विचारलं, "केम, फावतुं नथी?" त्यांना वाटलं अभ्यास जमत नाही म्हणून पोरगा रडवेला झाला आहे. तो ह्यांना म्हणाला, "ना काका, अघरुं छे." अवघड आहे. ह्यांना ते नेमकं ऐकू गेलं. "होतं सुरुवातीला तसं," म्हणाले आणि बिस्किटांचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

चहा झाल्यावर तो हेल्मेट उचलून उठला. दारात थांबून विचारलं, "बेन, शुक्रवारी येऊ?"

मी म्हटलं, "या. पण त्या प्रश्नाचं उत्तर तुमचं तुम्ही घेऊन या. मी फक्त व्याकरण बघेन."

तो जिना उतरून गेला. मी कप विसळले नाहीत. तशीच पडले, आणि बऱ्याच दिवसांनी दुपारी डोळा लागला.